आधी नदीचा वाटा: ब्रिस्टल बेच्या साल्मनबद्दल वाचकांचे प्रश्न

अलास्काच्या नैऋत्येला बेरिंग समुद्र जमिनीत घुसून जो उपसागर झाला आहे, तो ब्रिस्टल बे. तिथली माणसं, तिथलं पाणी आणि तिथल्या सॉकाय साल्मनच्या मासेमारीबद्दल वाचकांनी विचारलेले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: नकाशावर ब्रिस्टल बे म्हणजे एक लहानशी खोबण दिसते. जगातल्या सॉकायपैकी जवळपास निम्मा मासा तिथून येतो म्हणतात. हे कसं?

खोबण म्हणण्याइतका तो लहान नाही. लांबी सुमारे ४०० किलोमीटर आणि मुखाशी रुंदी २९०च्या आसपास. १७७८ मध्ये कॅप्टन जेम्स कुक इथून गेला आणि अर्ल ऑफ ब्रिस्टलच्या मानार्थ त्याने हे नाव ठेवलं. मात्र माशांच्या या सुबत्तेचं कारण समुद्रात सापडत नाही. ते पाठीमागच्या तळ्यांत आहे.

साल्मनच्या पाच जाती इथे येतात: किंग, सॉकाय, कोहो, पिंक आणि चम. त्यांतल्या सॉकायला बालपण काढायला बहुतेक वेळा गोड्या पाण्याचं तळं लागतं, आणि ब्रिस्टल बेच्या नद्या अशाच तळ्यांतून निघतात. क्वीजॅक नदी इलियामना तळ्यातून येते. हे तळं एकटंच सव्वाशे किलोमीटर लांब आहे. ईगेगिक नदी बेचारोफ तळ्यातून येते, नॅकनेक आणि यूगाशिक आपापल्या नावाच्या तळ्यांतून आणि वूड नदी तर तळ्यांच्या एका माळेतूनच. मादी ओढ्यात किंवा तळ्याच्या काठाला शेपटीने खडी उकरते आणि तीन ते चार हजार अंडी घालते. पिल्लं एक किंवा दोन वर्षं तळ्यातलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खाऊन बोटभर होतात, समुद्रात उतरतात, दोन-तीन वर्षांनी अडीच किलोंच्या आसपास भरतात आणि जन्मलेल्याच पाण्यात परततात.

हा सगळा हिशेब माशाच्या खवल्यावर लिहिलेला असतो. नखाएवढं खवलं भिंगाखाली धरलं की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. तळ्यातली दाट, समुद्रातली विरळ. मोजणारे त्याची नोंद ‘२.२’ किंवा ‘१.३’ अशी करतात. टिंबाआधी गोड्या पाण्यातली वर्षं, टिंबानंतर समुद्रातली. दोन्हींची बेरीज करून त्यात अंड्यातला हिवाळा म्हणून एक मिळवला की वय निघालं. ‘२.२’चा मासा पाच वर्षांचा.

आणखी एक गोष्ट मोलाची आहे. हा एकच एक थवा नसतो. प्रत्येक ओढ्याचा, प्रत्येक काठाचा आपला वेगळा वंश असतो, असे शेकडो. थंड वर्षी एका नदीला फटका बसतो तेव्हा दुसरी भरभरून देते. मुख्य नद्यांवर धरणं नाहीत आणि कृत्रिम पैदास करून सोडलेलं पिल्लूही इथे नाही. अलास्काने १९९० मध्ये व्यापारी मत्स्यशेतीलाच बंदी घातली, त्यामुळे ब्रिस्टल बेचा साल्मन म्हणून जो विकला जातो तो रानचाच असतो.

प्रश्न: नदीत वर जाणारे मासे मोजतात असं वाचलं. लाखो मासे मोजणं खरंच शक्य आहे का?

शक्य आहे आणि इथली सगळी मासेमारी त्या मोजणीवरच उभी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सॉकाय प्रवाहाविरुद्ध पोहताना ताकद वाचवतो. मधल्या जोरदार धारेत न जाता तो काठालगतच्या संथ पाण्यातून, पट्टा धरून जातो. नेमक्या अशा जागी, तळ्याच्या तोंडाजवळ पाणी नितळ असतं तिथे, दोन्ही काठांवर मचाण उभारतात. मोजणारा माणूस वर बसतो, डोळ्यांवर पाण्याची चकाकी घालवणारा चष्मा आणि हातात टिचकी दाबून आकडा वाढवणारं यंत्र. तळ गडद असेल तर नदीच्या तळाशी पांढरे पट्टे अंथरतात, म्हणजे त्यावरून सरकणारी काळी आकृती चुकत नाही. रात्री दिवा लावतात. दर तासाला एका काठावर दहा मिनिटं, मग दुसऱ्या काठावर दहा मिनिटं, दिवसाचे चोवीस तास. मिळालेल्या आकड्याला सहाने गुणलं की त्या काठावरचा तासाचा अंदाज आला. मासा उलटा खाली गेला तर तो वजा करायचा. धावेच्या, म्हणजे मासे झुंडीने नदीकडे परततात त्या काळाच्या, ऐन भरात दहा मिनिटांत हजारोंनी मासे जातात, तेव्हा डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

नूशागॅकसारख्या रुंद, गढूळ नदीत मचाणाचा उपयोग नाही. तिथे पाण्याखाली सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी मासे टिपणारं यंत्र, ठेवून मोजतात.

आता हा आकडा कशासाठी, ते पाहू. राज्याच्या मासे आणि वन्यजीव खात्याने प्रत्येक नदीला तिचा वाटा ठरवून दिला आहे. नॅकनेक आणि ईगेगिक, प्रत्येकी ८ लाख ते २० लाख. यूगाशिक ५ लाख ते १४ लाख. क्वीजॅक २० लाख ते १ कोटी. इतके मासे वर गेलेच पाहिजेत. मासेमारीचा वाटा त्यानंतरचा. अलास्काच्या राज्यघटनेतच लिहिलं आहे की मासे टिकाऊ उत्पन्नाच्या तत्त्वावर राखायचे, आणि १९५९ मध्ये राज्य झाल्यावर कंपन्यांचे नदीच्या वाटेवरचे मोठे सापळे बंद झाले.

अडचण एकच आहे. मचाण तळ्याच्या तोंडाशी असतं आणि जाळी खाली समुद्रात. क्वीजॅकचा मासा जाळ्यांच्या टापूतून निघून तळ्याच्या तोंडाशी असलेल्या इगियुगिग गावच्या मचाणाखाली पोचेपर्यंत काही दिवस जातात. मचाणावरचा आकडा पाहूनच निर्णय घेतला तर उशीर होणार. म्हणून पोर्ट मोलरपासून समुद्रात एका रेषेवर चाचणीचं जाळं टाकतात. तिथून मासा नद्यांच्या मुखाशी यायला साधारण आठवडा लागतो. त्याच माशांची जनुकं तपासून कोणत्या नदीकडे किती चालले आहेत याचा अंदाज करतात. काही नद्यांत मुखापासून थोडं वर आणखी एक चाचणी असते. समुद्र, मुख, मचाण असे हे तीन आकडे जुळवत खातं पुढच्या भरतीचा निर्णय करतं.

प्रश्न: मग मासेमारी चालू-बंद कशी करतात? आणि सगळ्या बोटी बत्तीस फुटीच का?

यूगाशिक, ईगेगिक, नॅकनेक-क्वीजॅक, नूशागॅक आणि टोगियाक असे मासेमारीचे पाच टापू आहेत. जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत धाव भरात असते, ४ जुलैच्या आसपास कळस. ठरलेल्या वेळी रेडिओवर घोषणा होते: अमुक टापू, इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत. वाटा भरत आला नसेल तर एखादी भरती कोरडी सोडतात, म्हणजे जाळी बंद. पुरेसा मासा वर गेला असेल तर टापू जवळजवळ सतत उघडा राहतो. बोटीने आपला टापू नोंदवायचा असतो. बदलायचा तर कळवून सर्वसाधारणपणे ४८ तास जाळं न टाकता थांबावं लागतं.

बत्तीस फुटांची मर्यादा जुनी आहे. पहिला डबाबंदीचा कारखाना नूशागॅकवर १८८४ मध्ये निघाला. पुढे इंजिनाच्या बोटींना इथे १९५१ पर्यंत मनाई होती, शिडाच्या बोटींवर दोन माणसं हाताने जाळं ओढायची. इंजिनाला परवानगी मिळाली, लांबीची अट तशीच राहिली. त्यामुळे बोटी आता रुंदीला वाढल्या आहेत, काही तर सोळा फूट रुंद. लांबीच्या निम्मी रुंदी म्हणजे पाण्यावर तरंगणारा चौकोनच तो.

प्रश्न: वाहतं गिलनेट कसं असतं, कसं टाकतात आणि त्यात नेमकं काय बिघडतं?

जाळं पन्नास वावांच्या तुकड्यांत बांधलेलं असतं. एका बोटीला असे तीन तुकडे, म्हणजे दीडशे वाव, साधारण पावणेतीनशे मीटर. एका बोटीवर दोन परवानाधारक असतील तर २००४ पासून दोनशे वावांची मुभा आहे. वरच्या दोरीला बोये, खालच्या दोरीत शिसं. जाळ्याची खोली २९ आसांपेक्षा (आस म्हणजे जाळ्याचं एक भोक) जास्त ठेवता येत नाही, म्हणजे ताणलं तरी बारा फुटांच्या आसपास. पाणीच उथळ असल्याने तेवढं पुरतं. आस ताणून गाठ ते गाठ मोजली की पावणेपाच ते पाच इंचांच्या थोडी वर भरते. जाळ्याचं कापड दोरीच्या साधारण दुप्पट लांबीचं घेऊन चुण्या पाडून बांधतात. त्यामुळे आस चौकटीसारखी उघडी आणि सैल राहते, मासा डोकं घालतो आणि कल्ल्यांमागे अडकतो. ताणून बांधलेलं जाळं म्हणजे भिंत. मासा नाक आपटून वळतो.

जागा ठरते ती भरतीवरून. सॉकाय भरतीबरोबर आत येतो. वरच्या भागात पाणी वीस फुटांहून जास्त चढतं-उतरतं आणि प्रवाह नदीसारखा पळतो. दोन प्रवाह भेटतात तिथे फेसाची, पाचोळ्याची रेघ दिसते, मासा त्या रेघेला धरून असतो. पाण्याबाहेर उड्या मारणारे मासे दिसले की जागा बरोबर. पहिला बोया पाण्यात सोडून बोट प्रवाहाला आडवी चालवायची, रीळ मोकळं सोडायचं. शेवटचं टोक बोटीला बांधून बोट आणि जाळं दोघांनी मिळून वाहायचं. थवा लागला की बोये थरथरतात, पांढरं पाणी उडतं, काही ठिकाणी बोये खाली ओढले जातात.

इथेच नवख्यांची पहिली चूक होते. मासा लागतोय म्हणून जाळं पाण्यात ठेवतात. भरात असताना पाच-दहा मिनिटांत ओढायला सुरुवात करायला हवी. दोन हजार मासे अडकले तर ते पाच टनांच्या आसपास वजन आहे. बोये बुडतात, शिशाची दोरी गाळात रुतते, ओहोटी लागते आणि रिळाचा हायड्रॉलिक पंप जाळं हलवू शकत नाही. अशा वेळी सगळं जाळं माशांसकट तसंच डेकवर ओढून घ्यावं लागतं. मासे एकमेकांखाली चेंगरतात आणि वजन डेकवर, म्हणजे वरच्या बाजूला साठतं. पाणी जायची भोकं माशांनी बुजली की डेकवरचं पाणी एका कडेला धावतं आणि बोट कलंडते. म्हणून मासा लगेच बोटीच्या पोटातल्या खणात उतरवायचा, पुढचे-मागचे, डावे-उजवे खण सारखे भरत जायचं आणि झाकणं बंद ठेवायची.

दुसरी चूक टापूच्या सीमेवरची. मासा सीमेवरून आत येतो म्हणून सगळ्यांना तिथेच जाळं टाकायचं असतं. प्रवाह तुमचं जाळं रेषेबाहेर नेतो आणि दंड होतो. जाळं कुठे टाकलं याला अर्थ नाही, ओढून संपेल तेव्हा ते कुठे असेल हे आधी ठरवायचं.

तिसरी, जाळं पंख्यात जाणं. बहुतेक वेळा ओढताना बोट जाळ्यावरून मागे सरकते तेव्हा हे होतं. लगेच न्यूट्रल करायचं. इंजिनाला मागे-पुढे करून सुटेल या आशेने फिरवलं की दोरी शाफ्टवर आणखी आवळते. उथळ पट्टा जवळ असेल तर आधी नांगर टाकायचा किंवा दुसऱ्या बोटीची ओढ घ्यायची, जाळं त्यानंतर पाहायचं. वाळूच्या पट्ट्यावर बोट ओहोटीत बसली आणि पुढची भरती वाऱ्यासकट आली, तर लाटा कडेवर आदळून बोट उलटी होते.

थंड पाण्यात पडलेल्या माणसाबद्दल एक गणित पाठ असावं: एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास. पहिलं मिनिट श्वास आवरण्याचं. पुढची दहा मिनिटं बोटं चालतात, जे करायचं ते तेवढ्यात. शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो, पण अंगावर लाइफ जॅकेट असेल तरच तो तास मिळतो.

प्रश्न: किनाऱ्यावरून जाळं लावणारेही असतात ना?

हो. त्यांचे परवाने हजाराच्या आत आहेत, प्रत्येकाला पन्नास वाव. अनेक जागा एकाच कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि बायका-मुलं सगळी त्यात राबतात. जाळ्याचं एक टोक किनाऱ्याला आणि दुसरं खोल पाण्याकडे गाळात फिरवून बसवलेल्या स्क्रूच्या नांगराला. दोन्हींमधून कप्पीवरची फिरती दोरी जाते, तिच्यावर जाळं आत-बाहेर ओढता येतं. दोन जाळ्यांमध्ये ३०० फूट अंतर ठेवायचं. ओहोटीत जाळं गाळावर कोरडं पडतं, म्हणून पाणी उतरण्याआधी मासे काढून घेतले नाहीत तर समुद्रपक्षी डोळे आणि पोट फोडतात आणि उन्हाने मांस सैल पडतं. गाळात पाय रुतला तर सरळ वर ओढू नका. बूट आणि गाळ यांच्यामध्ये हवा शिरू शकत नाही, पोकळी धरून ठेवते. टाच हलवत, पाय तिरका करत काढावा.

प्रश्न: सॉकायचा एक तुकडा घट्ट, लालभडक असतो आणि दुसरा मऊ, डाग पडलेला. जात एकच, मग फरक कशाचा?

पहिल्या तासाचा. मासा जाळ्यातून काढताना शेपटीला धरून खेचला की कण्यालगतच्या शिरा तुटतात आणि मांसात रक्ताचा डाग पडतो. बोटीवर तो दिसत नाही, सुरी लावल्यावर दिसतो. काढण्यासाठी छोटा वाकडा आकडा वापरतात, तो कल्ल्याच्या झाकणापाशी धाग्याखाली घालून धागा सोडवायचा, मासा डोक्याकडून धरायचा. जिवंत असतानाच एका बाजूचे कल्ले कापले की हृदयच रक्त बाहेर ढकलतं. मेल्यावर कापून तेवढं रक्त जात नाही.

मग थंडी. बऱ्याच बोटींवर समुद्राचं पाणी शून्याच्या जवळ थंड करून खणात फिरवतात. ज्यांच्याकडे ती सोय नाही ते बर्फाचा रगडा करतात. हिशेबाने पाहिलं तर १२ अंशांवरचा एक किलो मासा शून्यावर आणायला सव्वाशे-दीडशे ग्रॅम बर्फ पुरावा. प्रत्यक्षात खणाच्या भिंतींतून उष्णता येते आणि सोबतचं पाणीही गार करायचं असतं, म्हणून चार किलो माशाला एक किलो बर्फ धरावा. बर्फ मासे येण्याआधी खणात असायला हवा, वरून टाकलेला बर्फ मधल्या माशांपर्यंत पोचत नाही. ज्या पिशव्यांतून मासे उचलतात त्या ठासून भरल्या तर थंड पाणी मधून फिरत नाही आणि तळचे मासे वजनाने फाटतात. खरेदीची मोठी बोट मासे घेताना तापमान तपासते आणि थंड, रक्त काढलेल्या माशाला वर बोनस देते.

प्रश्न: तिथले मूळ रहिवासी कोण? ते मासा कसा टिकवतात?

यूपिक, डेनाइना आणि अलूटिक. त्यांची गावं नद्यांच्या आणि तळ्यांच्या काठाने आहेत. डिलिंगहॅम हे सगळ्यात मोठं, तरी लोकवस्ती सव्वादोन हजारांच्या आसपास. बाहेरून रस्ता येत नाही. नॅकनेक ते किंग सॅमन आणि डिलिंगहॅम ते अलेक्नागिक असे आतले छोटे रस्ते, बाकी विमान किंवा बोट. १९१९ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ इथे आली आणि इतकी प्रौढ माणसं गेली की अनाथ मुलांसाठी कानाकानाकला आश्रम काढावा लागला. ज्या घरांत आज मासा सुकतो त्यांतली कित्येक त्या मुलांच्या वंशजांची आहेत.

घरच्या खाण्यासाठीची मासेमारी वेगळ्या परवान्याने आणि आखूड जाळ्याने होते. सुकवण्याची पद्धत अशी. डोकं काढायचं, पोट उघडायचं, गाबोळी बाजूला ठेवायची. कण्याखालची रक्ताची काळी रेघ नखाने किंवा चमच्याने पूर्ण खरवडायची, ती राहिली तर तिथून आधी खराब होतं. मग उलूआकने, म्हणजे अर्धगोल पात्याच्या सुरीने, कण्याच्या दोन्ही बाजूंनी चिरत जायचं आणि कणा काढून दोन्ही फोडी शेपटीशी जोडलेल्या ठेवायच्या. या सुरीची मूठ पात्याच्या बरोबर वर असते, त्यामुळे जोर मनगटावर न येता तळहातातून उतरतो आणि दिवसाला शंभर मासे चिरले तरी हात टिकतो. फोडींना दोन-दोन सेंटिमीटरवर आडवे काप द्यायचे, कातडीपर्यंत, पण कातडी कापायची नाही.

मिठाचं पाणी असं करायचं की त्यात कच्चा बटाटा तरंगेल. फोडी त्यात पंधरा-वीस मिनिटं. मग दांड्यावर मांस बाहेर करून, सावलीत, वाऱ्यात टांगायच्या. दोन-तीन दिवसांत वर चकचकीत, हाताला न चिकटणारी साय धरते. ती आल्याशिवाय धूर दिला तर धुराचं पाणी मांसावर बसून कडवट चव येते. नंतर धूरघरात आल्डरचा किंवा साल काढलेल्या कॉटनवुडचा मंद, गार धूर, आठवडा ते दोन आठवडे. स्प्रूससारखं राळेचं लाकूड नको, काजळी धरते. जाळ मोठा झाला तर मासा शिजतो आणि फोडी कातडीवरून गळून खाली पडतात. सुरुवातीलाच उष्णता जास्त झाली तर बाहेरून कडक, आतून ओलं राहतं आणि आत आंबतं. पावसाळी हवेत माश्या बसतात, तेव्हा धूर सतत, बारीक चालू ठेवावा लागतो.

डोकी आंबवून खाण्याचीही जुनी रीत आहे. ती गवत अंथरलेल्या मातीच्या खड्ड्यात होत असे. प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा बरणीत झाकून हाच प्रकार केला तर हवा बंद होते आणि बॉट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं, यांतलं काहीही दिसलं तर घरी थांबू नये.

प्रश्न: बाहेरच्या माणसाला तिथे मासेमारी करता येते का? पैसे बरे मिळतात म्हणे.

परवान्यांची संख्या १९७५ पासून गोठलेली आहे. वाहत्या जाळ्याचे सुमारे १,८६० आहेत. परवाना विकत घेता येतो, वारशाने मिळतो, नवा निघत नाही. खलाशी म्हणून जायला राज्याचा खलाशी परवाना लागतो आणि परदेशी माणसाला अमेरिकेत काम करण्याचा हक्क असावा लागतो. पगार नसतो, हिश्शावर काम असतं, नवख्याला साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. डिझेल आणि खाणं आधी वजा होतं का, हे तोंडी न ठेवता लिहून घ्यावं. भावाचा भरवसा नाही: २०२२ मध्ये मूळ दर पौंडाला १ डॉलर १५ सेंट होता, पुढच्याच वर्षी ५० सेंट.

परवाने विकता येतात, त्याची दुसरी बाजू कडू आहे. वाईट वर्षी स्थानिक कुटुंबाने परवाना विकला की तो राज्याबाहेर जातो आणि परत येत नाही. गावासमोरून मासा जातो आणि गावातल्या पोराकडे जाळं टाकण्याचा हक्क नसतो. या व्यवस्थेने मासा वाचवला हे खरंच, पण गावांचा हक्क राखण्यात ती उणी पडली.

प्रश्न: तिथल्या खाणीचा वाद आणि तापमानवाढ, यांतला मोठा धोका कोणता?

खाण म्हणजे पेबल: तांबं, सोनं आणि मॉलिब्डेनमचा साठा, नेमका नूशागॅक आणि क्वीजॅकच्या उगमांकडे. साल्मन आपला ओढा वासावरून ओळखतो आणि पाण्यात विरघळलेलं तांबं लिटरमागे काही मायक्रोग्रॅम वाढलं तरी त्याची घ्राणशक्ती बिघडते. मासा मरत नाही, वाट चुकतो. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेने स्वच्छ पाणी कायद्याखाली या खाणीचा कचरा तिथल्या पाण्यात टाकायला मनाई केली. साठा जमिनीत आहे तोवर हा प्रश्न संपणार नाही.

तापमानवाढीचं चित्र सरळ नाही. तळ्यांवरचा बर्फ लवकर वितळला की प्लवक वाढतं आणि सॉकायची पिल्लं भराभर वाढतात. २०२२ मध्ये ७ कोटी ९० लाख सॉकाय आले, ६ कोटींहून अधिक पकडले गेले, नोंदींमधला उच्चांक. पण मासा सरासरीने लहान झाला आहे, आणि नूशागॅकचा किंग साल्मन घटला आहे. किंग त्याच जाळ्यांत सापडतो, म्हणून त्याला वाचवायला सॉकायची मासेमारीही कधी उशिरा उघडावी लागते. या मोठ्या आकड्यांच्या आनंदात किंगकडे दुर्लक्ष होऊ नये.

प्रश्न: अंडी घातल्यावर हजारो मासे मरून काठावर सडतात. ते गोळा करून खत करता येणार नाही का?

कृपया नको. नदीत शिरल्यापासून सॉकाय काही खात नाही. समुद्रात कमावलेलं अंग जाळत वर येतो, लाल होतो, नराचा जबडा वाकतो, कुबड येतं आणि अंडी घातल्यावर काही दिवसांत मरतो. नॅकनेकच्या खोऱ्यात ब्रुक्स धबधब्यावर अस्वलं ऐन भरात फक्त कातडी, मेंदू आणि गाबोळी खाऊन बाकीचा मासा टाकतात. तो गरुड, कोल्हे, समुद्रपक्षी नेतात. उरलेला रानात कुजतो आणि त्यातला नायट्रोजन काठच्या झाडांत उतरतो. ओढ्यात राहिलेल्या कलेवरांवर किडे वाढतात, त्यांतली पोषकद्रव्यं तळ्यात जाऊन प्लवक वाढवतात. वसंतात खडीतून वर येणारं पिल्लू, अजून पोटाला अंड्याची पिवळी पिशवी जेमतेम आटलेली, पहिला घास घेतं तो त्या प्लवकाचा.